मुतखडा परत परत होतोय? कॅल्शियम आणि पीटीएच बघाच

मा. संपादक,

तुमच्या आरोग्य पुरवणीत मुतखड्यावरचा लेख वाचला. पाणी भरपूर प्या, पालक बेतानं खा, सगळं बरोबरच आहे, पण एक गोष्ट राहिली, रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच नावाचं हार्मोन तपासायची, आणि आमच्या घरात त्याच एका गोष्टीपायी सहा वर्षं गेली म्हणून लिहितेय.

माझ्या आईला तीनदा खडे झाले. चहाच्या गाळणीतून लघवी गाळून सापडलेले खडे तिने काडेपेटीत जपून ठेवलेत, डॉक्टरांना दाखवायला. सोबत हाडं दुखायची, बद्धकोष्ठता, कशातच मन लागत नाही, आणि तहान तर इतकी की उशाशी ठेवलेला तांब्या रात्रीतच रिकामा. आम्ही म्हणायचो वय झालं, पाळी गेल्यावर बायकांना होतंच असं. हाडं दुखतात म्हणून एका दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, त्या तिने वर्षभर घेतल्या.

मग नवीन डॉक्टरीणबाईंनी जुनी फाइल पहिल्या पानापासून चाळली. चार वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर कॅल्शियम ११.६ आणि शेजारी बारीकसा स्टार. नॉर्मल साधारण साडेआठ ते साडेदहा. तो स्टार आम्हीही पाहिला होता हो, पण कुणी काही बोललं नाही म्हणून आम्हीही विचारलं नाही.

गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. नाव सारखं असलं तरी थायरॉइडशी त्यांच्या कामाचा संबंध नाही, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. त्यातल्या एकीत गाठ झाली की ती पीटीएच हार्मोन सोडतच राहते, मग हाडांतलं कॅल्शियम रक्तात येतं आणि किडनीत खडे होतात. ट्युमर शब्द ऐकून आमच्या घरी रडारड झाली, पण या गाठी बहुतेक साध्या असतात, कॅन्सर शंभरात एखाद्यालाही नसतो.

आता मुद्द्याचं. निदान रक्तावर होतं, स्कॅनवर नाही. आईचा पीटीएच ५८ आला, लॅबच्या हिशोबाने नॉर्मल, आणि गळ्याची सोनोग्राफीही क्लीन. आम्ही सुटलो म्हणालो. तर मॅडम म्हणाल्या, कॅल्शियम एवढं वर असताना पीटीएच अगदी खाली जायला पाहिजे, तो नॉर्मल दिसतोय हाच दोष आहे. म्हणून दोन्ही तपासण्या एकाच वेळच्या रक्तावर करायच्या, सोबत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), व्हिटॅमिन डी आणि चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियम, कारण एक आनुवंशिक प्रकार अगदी असाच दिसतो आणि त्यात ऑपरेशनचा उपयोग नसतो. स्कॅन फक्त गाठ कुठे आहे ते सर्जनला दाखवायला. आईची गाठ सेस्टामिबी स्कॅनमध्ये सापडली, म्हणजे थोडंसं किरणोत्सर्गी औषध टोचून काढतात त्या स्कॅनमध्ये. मामा म्हणत होता सुईने गाठीचं पाणी काढून तपासा, तर या गाठीला शक्यतो सुई लावत नाहीत म्हणे, पेशी सांडायची भीती असते.

अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाचा जहाजावरचा कॅप्टन होता, त्यालाही हाच आजार, त्याची हाडं मोडत गेली, उंची सात इंचांनी कमी झाली. गळ्यात परत परत ऑपरेशनं करूनही गाठ मिळेना, शेवटी १९३२ मध्ये सातव्या ऑपरेशनला ती छातीत सापडली. पुढे काही आठवड्यांतच तो गेला, खड्याच्याच त्रासात. तेव्हा असे स्कॅन नव्हते. आज आहेत, पण रक्ताची साधी तपासणी आधी कुणी सांगितली तर पुढचं सगळं.

म्हणून संपादक साहेब, पुढच्या वेळी मुतखड्यावर किंवा हाडं ठिसूळ होण्यावर काही छापाल तेव्हा कॅल्शियम आणि पीटीएचबद्दल दोन ओळी नक्की टाका, आणि वाचकांनो, घरात कुणाला परत परत खडे होत असतील किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल तर आज संध्याकाळी जुनी फाइल काढून कॅल्शियमचा आकडा शोधा आणि डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

आईचं ऑपरेशन झालं. टेबलावरच दहा मिनिटांनी परत रक्त घेतलं, पीटीएच निम्म्याहून खाली आलं होतं. नंतर काही दिवस ओठांना, बोटांना मुंग्या यायच्या, कारण उपाशी हाडं आता कॅल्शियम ओढून घेत होती, तेव्हा मात्र डॉक्टरांनीच कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. आता सकाळी उठून बघते तर उशाशी तांब्या भरलेला असतो.

आपली,
एक वाचक, सातारा