रविवारचा साडेपाचचा प्रयोग

पुणे, 16 नोव्हेंबर 2025

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि बोलणं आईच्या गुडघ्यावर जातं. म्हणून पत्र लिहिते आहे. कागदावर आलेलं बाबा दोनदा वाचतात, हे मला माहीत आहे.

30 नोव्हेंबरचा रविवार मोकळा ठेवा. बालगंधर्व रंगमंदिरात संध्याकाळी साडेपाचला संगीत नाटकाचा प्रयोग आहे आणि मी तिघांची तिकिटं काढली आहेत. बाबा, तुमची खुर्ची कडेची आहे, डाव्या बाजूची, जिथून तुम्हाला विंगेतला दिव्याचा स्टँड दिसतो तिथली.

लगेच नाही म्हणू नका, आधी पुढचं वाचा.

2019 चा तो रविवार मी विसरलेले नाही. वाईची गाडी स्वारगेटला वेळेवर आली होती. तिथून जंगली महाराज रस्त्यावर पोचायला रिक्षाला सव्वा तास लागला. बाजीराव रस्ता तुंबलेला, मग आतल्या गल्ल्या, मग पुन्हा अडकणं. आपण पोचलो तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. दारावरचा माणूस म्हणाला, जा आत, अंधारात बसा. तुम्ही नाही गेलात. पडदा उघडल्यावर आत शिरायचं नसतं, आत माणसं काम करत असतात, एवढंच म्हणालात आणि बाहेर पायरीवर बसलात. पहिला अंक आपण तिघांनी तिथे बसून भिंतीपलीकडून ऐकला. मध्यंतरानंतरही तुम्हाला आत जावंसं वाटलं नाही. परतताना गाडीत म्हणालात, "पुणं आता आपलं राहिलं नाही." त्यानंतर तुम्ही पुण्यात एकही नाटक पाहिलेलं नाही.

मला तेव्हाही वाटलं होतं आणि आता खात्री आहे की तुम्ही नाटक सोडलं नव्हतं. नाटकापर्यंत जाणारा रस्ता तुमच्या हातून सुटला होता. शहर वाढतं तेव्हा सगळे इमारतींबद्दल बोलतात. पण शहाहत्तर वर्षांच्या माणसाला घरातून निघून आपल्या खुर्चीपर्यंत न दमता जाता येतं का, यावरून मी शहर जोखते. पुण्याला हे बरीच वर्षं जमत नव्हतं. आता थोडं जमायला लागलं आहे, आणि ते तुम्ही स्वतः बघावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मागच्या रविवारी मी मुद्दाम स्वारगेटला गेले. तुमचे पाय घेऊन चालते आहे असं समजून तो सगळा प्रवास केला. जिना कुठेही वापरला नाही, लिफ्ट कुठे आहे ते बघून ठेवलं, बसायला बाक कुठे आहेत तेही. एस.टी. स्टँडमधून मेट्रोपर्यंतचा तुकडा थोडा त्रासाचा आहे, चौकात गर्दी असते. पण तिथे मी तुम्हाला घ्यायला उभी असेन. एकदा खाली उतरलं की मग काही नाही. गाडी गार, बसायला जागा मिळते, आणि ज्येष्ठांसाठी मुलं उठतात. हे मी दोनदा पाहिलं.

स्वारगेटनंतर पहिलं स्टेशन मंडई. आई, तिथे मी उतरलेच. वर आले आणि समोर तो अष्टकोनी मनोरा. तू पिशवी घेऊन शुक्रवार पेठेतून चालत यायचीस आणि मी तुझ्या पदराला धरून. भाजीवाल्या मावशी आता नाहीत, त्यांची सून बसते. तिने तुझी चौकशी केली. बाबा सांगायचे ती गोष्ट मला तिथे उभ्या उभ्या आठवली: ही मंडई बांधायला काढली तेव्हा जोतीराव फुल्यांनी खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला द्या म्हणून. 1886 मध्ये ती रे मार्केट म्हणून उघडली, आणि पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. शहरात कुठलंही मोठं बांधकाम निघालं की मला हे आठवतं. पैसा कशावर जातो आणि कोणाच्या वाट्याला काय येतं, हे त्या माणसाने विचारलं होतं. ते आजही विचारायला हवं, मेट्रोबद्दलसुद्धा.

कारण हे सगळं फुकट झालेलं नाही. कसब्यात स्टेशनसाठी जुन्या घरांतल्या कितीतरी कुटुंबांना जागा सोडावी लागली. आपला वाडा पडला तेव्हा आई महिनाभर नीट जेवली नव्हती, त्यामुळे मला त्या लोकांबद्दल फार वाटतं. मेट्रोची वनाजकडची मार्गिका डेक्कनपासून पुढे मुठेच्या पात्रातून गेली आहे, त्याविरुद्ध काही पुणेकर हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले होते. पावसाळ्यात पाणी चढलं की त्या खांबांकडे बघून मलाही धसका बसतो. त्या लोकांचं म्हणणं खोडून काढावं असं मला कधी वाटलं नाही. जमिनीखालचा रस्ता मात्र मला पटला. पेठांमधून रुंद रस्ता काढायचा तर अर्ध्या पेठा पाडाव्या लागल्या असत्या. बोगदा खणणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा, पवना अशी नावं दिली होती. बाबा, गाडी कसब्यातून निघून मुठेच्या पात्राखालून सिव्हिल कोर्टाला जाते. वर नदी आणि खाली आपण. लकडी पुलावर थांबून पाणी बघणारे तुम्ही, तुम्हाला हे कसं वाटेल हे मला बघायचं आहे.

सिव्हिल कोर्टाला गाडी बदलायची. हे स्टेशन जवळजवळ 33 मीटर खोल आहे, आणि तरी वरून ऊन थेट खाली येतं. दुपारी गेलात तर फलाटावर उन्हाचा पट्टा पडलेला असतो. तुम्ही आयुष्यभर प्रकाशयोजना केलीत, तुम्ही तिथे थांबणार हे मी धरून चालले आहे आणि त्यासाठी दहा मिनिटं जास्त ठेवली आहेत. मग लिफ्टने वरच्या मार्गिकेवर, वनाजकडच्या गाडीत. मधे महापालिका, आणि त्यानंतरचं छत्रपती संभाजी उद्यान. या स्टेशनाचं छप्पर मावळ्याच्या पगडीसारखं केलं आहे. आईला आवडेल, तुम्हाला कदाचित नाही. तिथून बालगंधर्व चालत अगदी जवळ. स्वारगेटपासून सगळं मिळून मला अर्धा तास लागला. तुमच्या चालीने पाऊण तास धरते. सव्वा तास रिक्षात धूर खात बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

जंगली महाराज रस्त्याचा पदपथ आता रुंद आहे, मधे बसायला बाकही आहेत. आई दोन वर्षांपूर्वी पेठेत उखडलेल्या फरशीवर अडखळून पडली होती, तिचा हात अजून पूर्ण वर जात नाही. त्यामुळे मला या गोष्टीचं मोल कळतं. 2021 पासून दरवर्षी 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद करतात आणि लोक रस्त्याच्या मधून चालतात. मी एकदा गेले होते. आजी-आजोबा खुर्च्या टाकून बसले होते, पोरं फरसबंदीवर चित्रं काढत होती. वर्षातला एकच दिवस. मेट्रो कितीही चांगली केली तरी स्टेशनातून बाहेर पडल्यावरची शंभर पावलं नीट नसतील तर तुमच्यासारख्यांना ती उपयोगाची नाही.

आता बालगंधर्वबद्दल, कारण तुम्हाला आणायची मला घाई का आहे ते सांगायचं राहिलं.

बाबा, तुम्ही वाईहून कॉलेजला आलात त्याच वर्षी, 26 जून 1968 ला, ते उघडलं. खुद्द बालगंधर्वांनी 1962 मध्ये भूमिपूजन केलं होतं आणि उद्घाटन बघायला ते राहिले नव्हते, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मला ते तुमच्याच घरातलं दुःख वाटायचं. चित्रकार देऊस्करांनी काढलेली बालगंधर्वांची ती दोन मोठी तैलचित्रं, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं, त्यांच्यासमोर तुम्ही मला उचलून धरायचात. ही दोन्ही एकाच माणसाची, हे मला पटायचं नाही.

गेली सात वर्षं हे नाट्यगृह पाडून नवं बांधायची चर्चा चालू आहे. 2022 मध्ये एकाच्या जागी तीन रंगमंच असलेल्या संकुलाचा आराखडा पुढे आला तेव्हा रंगकर्मी दोन्ही बाजूंनी बोलले. मला दोन्ही म्हणणी कळतात. कपडेपटाच्या खोल्या, स्वच्छतागृहं, ध्वनियंत्रणा, यांची दुरवस्था कलाकारांनी किती वर्षं सोसावी? पण माझं मत दुरुस्तीच्या बाजूचं आहे. जे बिघडलं आहे ते दुरुस्त होण्यासारखं आहे. ती मोकळी पायरी, ते अंगण, प्रयोग सुटल्यावर नटाची वाट बघत उभी राहणारी माणसं, हे पुन्हा बांधून मिळत नाही. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा या थिएटरांच्या जागी आज वाहनतळ आहेत. तुम्ही दोघांनी लग्नाआधी मिनर्व्हाला सिनेमा पाहिला होता, ती जागा मी आईला दाखवली तेव्हा तिला ओळखू आली नाही. एकदा पाडलं की माणसाची आठवणसुद्धा कुठे उभी करायची हे कळत नाही.

आणि गाड्या लावायला जागा पुरत नाही ही जुनी तक्रार आता पूर्वीइतकी खरी नाही. स्टेशन दाराशी आलं आहे. लोक गाडीशिवाय येऊ शकतात. ही संधी साधायची सोडून आपण तिथे तळघरात आणखी गाड्या कोंबणार असू तर मला वाईट वाटेल.

एक गोष्ट मात्र अजून जुळलेली नाही. मेट्रो रात्री अकराला थांबते आणि आपला रात्रीचा प्रयोग साडेनऊचा. पहिला अंक संपतो न संपतो तोवर शेवटची गाडी जाते. या गणपतीत रात्री दोनपर्यंत गाड्या होत्या, विसर्जनाच्या रात्री तर बंदच झाल्या नाहीत, म्हणजे करता येतं. शनिवार-रविवारी तरी साडेबाराची एक गाडी दोन्ही बाजूंना सोडावी, असं मी मेट्रोला लिहिलं आहे. माझ्याबरोबर प्रायोगिक नाटक करणारी आठ-दहा जणं सह्या करताहेत. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी येणारी मुलं आता पेठेत राहत नाहीत. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली, मुलं तिकडे राहतात, आणि कामाला हिंजवडीला जातात. तालीम संपवून घरी कसं जायचं यावरच त्यांचं नाटक अडतं. हिंजवडीहून शिवाजीनगरला येणारी 23 किलोमीटरची मार्गिका चालू झाली की त्यांना ऑफिसातून थेट तालमीला येता येईल. तुमच्या वेळी सायकलवर कंदील लावून रात्री दोनला खोलीवर जायचात. आता ती अंतरं सायकलीची राहिली नाहीत.

पुढच्या महिन्यात सवाई गंधर्व संगीत महोत्सव आहे. रमणबागेतून मुकुंदनगरला गेल्यापासून तुम्ही गेलाच नाहीत, 2018 पासून. स्वारगेट स्टेशन तिथून फार लांब नाही. पण ते नंतर ठरवू. आधी हे नाटक.

वाईहून सकाळची गाडी धरा, दुपारची नको. स्वारगेटला मी असेन. दुपारी कोथरूडला घरी या, जेवा, तासभर पडा. चार वाजता आनंदनगरहून निघू, म्हणजे पाचच्या आत आपण आत असू. परतीला साडेआठ-नऊ झाले तरी भरपूर गाड्या असतात. तुम्ही माझ्याकडेच राहा, सोमवारी मी स्वारगेटला सोडीन.

आई, डबा करू नकोस. मध्यंतरात तिथला वडा खाऊ, बाबांना अर्धा. फक्त पट्टा आणि गोळ्यांची पिशवी विसरू नकोस, आणि शाल घे, आत गार असतं.

बाबा, उलट टपाली एक ओळ लिहा. आणि "बघू" सोडून काहीतरी लिहा.

तुमची,
ताई