छातीतली नळी निघेपर्यंत हातभार लावा : ग्रामपंचायत, महिला बचत गट आणि तरुण मंडळाचं आवाहन

गावातल्या सर्व बंधू-भगिनींना आणि पुण्या-मुंबईला, नागपूरला कामाला गेलेल्या पोरांना सप्रेम नमस्कार.

आपल्या एका शेतकरी भावाला एप्रिलमध्ये कोरोना झाला. घरच्यांची इच्छा म्हणून नाव लिहीत नाही. गावाला ते ठाऊक आहेच. रिपोर्ट निगेटिव्ह येऊन बरेच दिवस झाले, तरी तो सेवाग्रामला भरतीच आहे. "निगेटिव्ह आला, मग ठेवलं कायले?" असं पारावर रोज कोणीतरी विचारतं, म्हणून आधी तेच सांगतो.

कोरोनाच्या न्युमोनियात फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या नाजूक होतात. त्यात खोकल्याची उबळ, आणि मशीनने दाबाने दिलेली हवा. एखादी जागा फाटते, हवा फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधे साठते आणि फुप्फुसालाच दाबून बसवते. डॉक्टर याला न्युमोथोरॅक्स म्हणतात. भरती झालेल्या कोरोना रुग्णांत हे साधारण शंभरात एखाद्याला होतं, व्हेंटिलेटरवरच्यांत बरंच जास्त. आपला भाऊ बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर होता. सकाळी ऑक्सिजन बरा होता, दुपारी एकाएकी उजव्या बाजूला कळ आली आणि आकडा घसरला. मान सुजली. बोटानं दाबलं की वाळलेल्या बोंडासारखी करकर वाजायची, कारण हवा कातडीखाली शिरली होती. एक्स-रे काढून लगेच बरगड्यांमधून नळी टाकली.

नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत, पाण्यात बुडालेलं आहे. आतली हवा बुडबुड्यांनी निघते, बाहेरची आत जात नाही. तो खोकलला की अजून बुडबुडे येतात, म्हणजे गळती सुरूच आहे. पाच दिवसांत थांबली नाही की डॉक्टर ती लांबलेली धरतात. याची तर कितीतरी लांबली. न थांबल्यास ऑपरेशनचा विचार करावा लागेल, असं ते म्हणाले. बाटली छातीच्या वर जाऊ नये, नळी मुडपू नये, म्हणून बायको पहाऱ्याला बसल्यासारखी असते. परवा फोनवर म्हणाली, "आज बुडबुडे कमी हायेत जी."

नळी टाकली की माणूस वाचत नाही, असं कोणीतरी गावात पसरवलं. साफ खोटं. नळीनंच तो वाचला. आणि त्याच्या घरी जायला भिऊ नका, फाटलेलं फुप्फुस कोणाला लागत नाही.

जे कोरोनातून उठून घरी आले त्यांनीही ध्यानात ठेवावं: छातीत एका बाजूला अचानक कळ आणि दम लागला तर वाफ घेत बसू नका, त्याच दिवशी एक्स-रे काढा. बिडी तर बंदच.

उपचाराचा मोठा भाग जनआरोग्य योजनेत बसला. बाहेरून आणलेली औषधं, गाडीभाडं, सोबतच्या दोघांचं राहणं-जेवण बसत नाही. सुटीनंतर घरी ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं लागेल, आणि आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून भरलेलं सिलिंडरही. तूर्त ४० हजार रुपये हवेत.

पैशाइतकीच घाई वावराची आहे. मृग तोंडावर आलं आणि तीन एकर अजून वखरायचं आहे. ज्याच्याकडे बैलजोडी किंवा ट्रॅक्टर आहे त्यानं एक दिवस द्यावा. सोयाबीनचं घरचं बियाणं देणार असाल तर उगवण तपासूनच द्या. २०२० मध्ये बियाणं उगवलं नाही म्हणून किती जणांना दुबार पेरावं लागलं ते सगळ्यांनी पाहिलं. तुरीची डाळ, ज्वारी, तेल बचत गटाच्या बायांकडे द्या, त्या डबा पाठवतात.

रोख रक्कम पंचायत कार्यालयातच द्या आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. बाहेरगावच्यांनी घरच्या माणसाकरवी द्यावी. मोबाइलवर फिरणाऱ्या कोणत्याही नंबरवर पैसे टाकू नका, आम्ही असा नंबर दिलेला नाही. जमा-खर्च दर सोमवारी फळ्यावर लागेल. वखरणी येत्या रविवारी, सकाळी सहाला, नाल्याजवळच्या वावरात.