डाऊनटेक लाइन तुकड्यांत नको, एकदाच बदलूया

मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
सप्रेम नमस्कार.

विषय : गच्चीवरच्या टाकीपासून खाली येणाऱ्या जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) डाऊनटेक लाइन

सकाळचे पहिले पाणी लालसर येते आणि वरच्या मजल्यांवर धार बारीक होते. दोन्हींचे कारण एकच. पाइपातला जस्ताचा थर संपला की लोखंड गंजते, गंजाच्या गाठी धरतात आणि पाइप आतून बुजत जातो. मोठा पंप घेण्याची सूचना आली आहे, पण पंपाचे काम टाकी भरली की संपते. खाली येणारे पाणी केवळ उंचीच्या दाबावर चालते, साधारण १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर १ किलो. वरच्या मजल्याला ही उंची मुळातच कमी, म्हणून तिथे आधी जाणवते.

गळका तुकडा बदलून भागत नाही. आट्यांपाशी पाइप सर्वांत पातळ असतो. तिथे पाना फिरला की शेजारचा कुजलेला जोडही हलतो आणि थोड्याच दिवसांत तो गळू लागतो.

नवी सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या पाइपांची) लाइन जुनीच्या शेजारून टाकावी आणि एकेक विंग जोडावी, म्हणजे पाणी फक्त जोडणीच्या दिवशी बंद राहील. उन्हातल्या पाइपांना पाण्यात मिसळणारा रंगच द्यावा, ऑइल पेंट नको. शेवटचा जोड चिकटवल्यावर २४ तास थांबून मगच दाबाची चाचणी घ्यावी, तीही भिंत बुजवण्याआधी.

प्रत्येक लाइनला टाकीजवळच्या व्हॉल्व्हच्या लगेच खाली एअर व्हेंट (हवा आत घेणारी उघडी उभी नळी) हवाच, टाकीच्या ओव्हरफ्लोपेक्षा उंच. कंत्राटदार तो हमखास गाळतात. तो नसेल तर वरचा व्हॉल्व्ह बंद असताना खालच्या मजल्याचा नळ उघडला की वरच्या घरातल्या बादलीत बुडालेल्या नळीतून घाण पाणी लाइनमध्ये ओढले जाते.

माझ्या मते सर्वांत धोक्याची आहे ती जमिनीखालच्या टाकीपासून पंपापर्यंतची सक्शन लाइन. तिला तडा गेला तर पाणी बाहेर येत नाही, उलट पंप चालू असताना बाहेरचे आत खेचले जाते. शेजारी ड्रेनेजचे चेंबर आहे. ती याच कामात उघड्यावर, जमिनीच्या वर घ्यावी.

शेवटी निर्जंतुकीकरण : १०,००० लिटरला २५ टक्के क्लोरीनची २ किलो ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवून, निवळून, वरचे पाणीच टाकीत सोडावे. रात्रभर लाइन भरलेल्या ठेवाव्यात, ते पाणी वापरू नये अशी घरोघर आधी लेखी सूचना द्यावी आणि सकाळी सर्व नळ सोडून ते पाणी वाहू द्यावे.

सिंकिंग फंडातून खर्चासाठी हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा आणि तिन्ही कोटेशन वरील बाबी लिहूनच मागवावीत, ही विनंती.

आपला,
एक सभासद