सोन्याचे जानवे आणि मालकीचा प्रश्न

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतल्या लेखात खासगी संग्रहालयांना ‘श्रीमंतांचे दिवाणखाने’ म्हटलेले वाचले. माझी उभी हयात बोटीच्या इंजिनरूममध्ये गेली, कलेतले मला फारसे कळत नाही. पण फिलिपाइन्समध्ये, मनिलाच्या मकाटी भागात पाहिलेल्या एका काचेच्या कपाटामुळे हा शेरा काही पचला नाही.

आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तिथल्याच इलोइलोचा. मनिलाला बोट लागली असताना तोच मला आयाला म्युझियममध्ये घेऊन गेला. आयाला उद्योगघराण्याने १९६७ साली ते काढले. कल्पना घराण्यातल्याच फर्नांडो झोबेल या चित्रकाराची. लाकडी बाहुल्यांचे ६० देखावे करून देशाचा इतिहास मांडलाय. पोरे काचेला नाक लावून बघत होती, आणि खरे सांगायचे तर मीही.

पण अडकलो ते सोन्यापाशी. दहाव्या ते तेराव्या शतकातले, स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीचे. त्यात खांद्यावरून तिरका घालायचा एक जाडजूड विणीचा पट्टा आहे, वजन सुमारे ४ किलो. अभ्यासक त्याचे नाते उपवीताशी जोडतात. ‘म्हणजे काय?’ बोसनने विचारले. मी शर्टाचे बटण काढून माझे सुताचे जानवे बाहेर ओढून दाखवले. पहारेकरी लगबगीने पुढे आला, त्याला काय वाटले कोण जाणे!

हा पट्टा आणि त्याच्यासोबतचे सोने १९८१ साली देशाच्या दक्षिणेकडच्या सुरिगावमध्ये मातीकाम करणाऱ्या एका बुलडोझरचालकाला सापडले. मग ते व्यापाऱ्यांच्या हाती गेले. काही देशाच्या मध्यवर्ती बँकेने घेतले, बरेचसे लिआंद्रो लोक्सिन या वास्तुविशारदाने आणि त्याच्या पत्नीने. गिऱ्हाईक वेळेवर भेटले नसते तर सोनाराच्या मुशीत जायला असा माल किती वेळ घेतो? अर्थात विकत घेतलेल्या वस्तूबरोबर ती कुठल्या थरात, कशाशेजारी पडली होती हे येत नाही. ते नुकसान कुठलेही कपाट भरून काढणार नाही.

लेखकाचा राग मला अर्धा पटतो तो मालकीपाशी. हुआन लुना या एकोणिसाव्या शतकातल्या फिलिपिनो चित्रकाराचे ‘स्पोलियारियम’ हे गाजलेले चित्र सरकारी राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तिथे २०१६पासून प्रवेश फुकट. त्याच लुनाचे १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनातले, शतकभर बेपत्ता असलेले लग्नाच्या वरातीचे चित्र २०२३ मध्ये आयालात लोकांसमोर आले. पण ते खासगी मालकीचे. मालकाने ते केव्हाही घरी नेले तर कोण काय म्हणणार? आणि तिकीट आहेच. बोसनने मला ते काढू दिले नाही, ‘तू पाहुणा’ म्हणाला.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर जमवलेला संग्रह शेवटी सरकारच्या स्वाधीन केला. प्रत्येकाने तसेच करावे असे नाही. सरकारी गोदामेही आपण पाहिली आहेत. मात्र लोकांना दाखवायला काढलेली वस्तू परस्पर विकता येणार नाही आणि शाळेच्या पोरांना आठवड्यातून एक दिवस तरी फुकट सोडावे लागेल, एवढे कागदावर हवे. लेखात ही मागणी असती, तर ‘दिवाणखाने’ या शब्दाबद्दल मी पत्र लिहायला बसलो नसतो.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर, रत्नागिरी