ठोकळा उचलला की जोडण्या पुसल्या जातात

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : प्रक्रिया मांडण्याच्या टेबलाच्या नव्या सॉफ्टवेअरमधील दोष

महोदय / महोदया,

कामाच्या पद्धती सगळ्यांनी मिळून मांडाव्यात म्हणून आम्ही आपले ठोकळ्यांचे टेबल घेतले. त्याच्या काचेवर ठेवलेला प्रत्येक ठोकळा म्हणजे कामाची एक पायरी; तिचे नाव आणि इतर पायऱ्यांशी जोडणाऱ्या रेषा टेबल काचेवर दाखवते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आल्यापासून ते नेमके याच कामाला निरुपयोगी ठरले आहे. फोनवर सांगून उपयोग झाला नाही, म्हणून लेखी कळवत आहे.

गेल्या बैठकीत खरेदी, स्टोअर आणि हिशेब विभागाची माणसे माल येण्यापासून बिल चुकते होईपर्यंतचा क्रम मांडत होती. कागदोपत्री आधी तपासणी, मग नोंद. स्टोअरमधल्या सहकाऱ्याने 'नोंद'चा ठोकळा उचलला आणि तो तपासणीच्या आधी ठेवायला निघाला. गाडी खोळंबू नये म्हणून प्रत्यक्षात नोंद आधीच होते. हे त्याने आजवर कुठल्याही बैठकीत सांगितले नव्हते. ठोकळा काचेवरून उठताच त्याच्या सगळ्या रेषा आणि नाव गायब. परत ठेवला तर कोरा. तो ओशाळला, "तुम्हीच करा" म्हणत मागे सरकला. त्यानंतर ठोकळ्यांना फक्त आमच्या विश्लेषकाचा हात लागला.

एकाच्या हाती माउस आणि बाकीचे प्रेक्षक, हेच तर आम्हाला टाळायचे होते! जर्मनीतल्या हासो प्लाटनर इन्स्टिट्यूटमध्ये प्रक्रियांच्या आकृत्यांसाठी अ‍ॅक्रिलिकच्या साध्या चकत्या वापरल्या गेल्या. त्यांच्यावर मार्करने लिहायचे आणि हव्या तशा हलवायच्या. चकती उचलली म्हणून तिच्यावरचे नाव पुसले जात नाही. कॅमेरा आणि संगणक असलेल्या टेबलाने त्याहून कमी द्यावे, हे पटत नाही.

आपल्या तंत्रज्ञांनी "ठोकळे उचलू नका, सरकवा" असे सुचवले. हे उत्तर मान्य नाही. विचार करताना माणूस वस्तू उचलतो, हातात धरून बोलतो, दुसऱ्याला देतो. काचेखालचा कॅमेरा ठोकळ्याच्या तळाची खूण वाचतो, त्यामुळे उचललेला ठोकळा त्याला दिसणार नाही हे उघड आहे. पण दिसेनासा झाला म्हणजे काढून टाकला, हा अर्थ नव्या आवृत्तीने लावला आहे. जुन्या आवृत्तीत जोडण्या फिकट होऊन थांबत आणि ठोकळा टेकवताच परत येत. प्रत्येक खुणेला स्वतःचा क्रमांक असल्याने ते सहज शक्य आहे. (उन्हामुळे इन्फ्रारेड कॅमेरा गोंधळतो, पण तिथे पडदे लावून भागते, त्याबद्दल तक्रार नाही.)

तरी जुनी आवृत्ती विनामूल्य परत बसवून द्यावी, किंवा ठोकळा कायमचा काढण्यासाठी टेबलाच्या कडेला वेगळी जागा ठेवावी. टेबल प्रत्येक बदलाची नोंद ठेवते असे आपल्या माहितीपुस्तिकेत आहे. त्या नोंदींतून आमचा पुसलेला क्रमही मिळवून द्यावा. 15 दिवसांत हे न झाल्यास टेबल परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी.

आपला,
एक ग्राहक
(प्रक्रिया सुधारणा गटातर्फे)