पणजोबांचा पुरावा त्यांच्या बहिणीच्या नोंदीत आहे

मा. अभिलेखमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

पणजोबांची जन्मनोंद शोधताना मला एकाच नावाची दोन मुलं सापडली. वडिलांचं नावही तेच, जन्मात तीन वर्षांचं अंतर, आया मात्र वेगळ्या. यातले माझे पणजोबा कोणते, हे त्यांच्या स्वतःच्या कागदांवरून ठरेना. मृत्यूच्या नोंदीत वय ‘अंदाजे साठ’ आणि आईच्या नावाचा रकाना कोरा. ‘अंदाजे साठ’मध्ये दोन्ही मुलं बसतात.

उत्तर मिळालं ते त्यांच्या बहिणीच्या विवाहनोंदीत. चुलतकाकांच्या पेटीत तो कागद घडी करून ठेवलेला होता. वधूच्या आईचं नाव स्पष्ट, आणि खाली साक्षीदार म्हणून ‘वधूचा भाऊ’ अशी सही. शेवटच्या अक्षराची वेलांटी पार अर्ध्या नावावरून ओढलेली. घरातल्या एका जुन्या करारपत्रावर पणजोबांची सही आहे, तिथेही वेलांटी अगदी तशीच.

तरी मी थांबलो नाही, कारण भाऊ म्हणजे चुलतभाऊही असू शकतो. मग पणजोबांच्या धाकट्या भावाची मृत्यूनोंद काढली. खबर देणारे पणजोबाच, ‘सख्खा भाऊ’ असं लिहिलेलं, पत्ता करारपत्रातलाच, मृताच्या आईचं नाव विवाहनोंदीतलंच. वयं दोन-चार वर्षांनी पुढेमागे आहेत, पण वय सांगणारा आठवणीवर सांगतो. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामांसाठी झालेल्या या कागदांत आई एकच निघाली, तेव्हा कुठे माझी खात्री पटली.

हीच विवाहनोंद मी आधी कार्यालयात रीतसर मागितली होती. ‘अर्जदार थेट वारस नाही’ असा शेरा मारून अर्ज परत आला. महोदय, या बाईंना मूलबाळ नव्हतं. म्हणजे त्यांची नोंद मागायला आता जगात कोणीच पात्र नाही. निपुत्रिक आत्या, अविवाहित काका, लहानपणी गेलेली भावंडं यांच्याच नोंदींत अनेकदा हरवलेलं आईचं नाव असतं, आणि नेमक्या त्याच कायमच्या बंद राहतात.

भावाच्या नोंदीची नक्कल मिळाली तीही टंकलेली होती. खबर देणाऱ्याचा रकाना त्यात गाळलेला. मूळ पान पाहू द्या म्हणून तीन खेपा घातल्या, तेव्हा ते नाव दिसलं. नक्कल करणाऱ्याला बिनमहत्त्वाचा वाटलेला तो रकानाच माझा पुरावा होता.

इंग्लंडच्या जुन्या छापील जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव 1911 पासूनच मिळे; नव्या ऑनलाइन सूचीत ते थेट 1837 पर्यंत मागे नेलं आहे. त्यामुळे एका आईची सगळी मुलं एकत्र शोधता येतात. अमेरिकेच्या 1900 च्या जनगणनेत आईला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत, हे विचारलेलं होतं. तो आकडा हाताशी असला की न सापडलेलं भावंड अजून शोधायचं आहे, हे कळतं.

आपल्या सूचीतही आईचं नाव, साक्षीदार आणि खबर देणारा शोधता यावा. नकलेसोबत मूळ पानाचं छायाचित्र मिळावं. हयात माणसांची माहिती जरूर जपा, पण मृतांच्या जुन्या नोंदी भावंडांच्या वंशजांनाही मिळू द्या.

पणजोबांच्या बहिणीच्या जन्मनोंदीसाठी मी पुन्हा अर्ज केला आहे. नात्याच्या रकान्यात लिहिलं आहे : भावाचा पणतू.

आपला नम्र,
एक अर्जदार