हॅम्बुर्गचं पत्र, जास्त करून बाबांसाठी

हॅनोवर, रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
सा. न.

आत्ताच घरी पोचलो. निनाद सोफ्यावर आडवा झालाय आणि मी लिहायला बसलेय. व्हिडिओ कॉल म्हटला की 'जेवलात का, थंडी आहे का' यातच वेळ जातो, हॅम्बुर्गचं सांगायचं राहूनच जाईल.

जायचं ठरलं ते निनादमुळे. त्याला तिथलं मिनिएचर वंडरलँड बघायचं होतं. खेळण्यातल्या रेल्वेचा एवढा मोठा पसारा जगात दुसरीकडे कुठे नाही म्हणे. दर पंधरा मिनिटांनी दालनातले दिवे मंद होतात, इटुकल्या घरांच्या खिडक्या उजळतात, आणि जरा वेळाने पुन्हा उजाडतं. आई, तुझ्या जावयाने तिथे अशा किती रात्री काढल्या ते विचारू नकोस. मी आपली खाली कालव्याच्या काठाशी जाऊन बसले.

तो सगळा भाग म्हणजे श्पायशरश्टाट, जुन्या गोदामांची वस्ती. लाल विटांच्या उंच इमारती, खाली ओळीने लाकडी खांब ठोकून त्यावर उभारलेल्या. १८८३ला काम सुरू झालं, तेव्हा जागा मोकळी करायला तिथल्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली. प्रत्येक इमारतीच्या माथ्याशी कप्पी आहे. पडावातून कॉफी, मसाले, गालिचे थेट वरच्या मजल्यावर ओढून घ्यायचे. आता आत ऑफिसं आणि संग्रहालयं आहेत, आणि २०१५पासून युनेस्कोचा शिक्का. मी बसले तेव्हा पाणी भिंतीवरच्या हिरव्या शेवाळाच्या रेषेखाली बरंच उतरलेलं होतं. निनाद येईपर्यंत ती रेष बुडत आली.

बाबा, समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब आहे, तरी एल्बे नदीला भरती-ओहोटी येते आणि पाणी साडेतीन मीटरच्या वर चढतं-उतरतं. फेब्रुवारी १९६२च्या वादळात बांध फुटले आणि एकट्या हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं गेली. पानशेत फुटून तेव्हा सातच महिने झाले होते. हे वाचलं आणि आजीची आठवण आली. ती अजून 'पुराच्या आधी' आणि 'पुराच्या नंतर' असाच हिशोब सांगते ना! शेजारी नवीन वस्ती उभी राहतेय, ती त्यांनी भराव घालून वर उचललीय, आणि तळमजल्यांना पूर अडवणारी जाडजूड दारं बसवलीत.

तिथेच ती काचेची लाटांसारखी इमारत आहे, एल्बफिलहार्मोनी. जुन्या गोदामाच्या डोक्यावर संगीतसभागृह. सरकता जिना मधे असा वळतो की वरचं टोक दिसतच नाही. वरच्या गच्चीवरून सगळं बंदर दिसतं. इमारत झकास आहे, पण तुम्हाला गंमत वाटेल ती खर्चाची. शहराच्या तिजोरीवर ७.७ कोटी युरोंचा भार पडेल असं आधी सांगितलं होतं, २०१७ला उद्घाटन होईपर्यंत तो आकडा ७८.९ कोटींवर गेला. तुमच्या खात्यातली सुधारित अंदाजपत्रकं आठवली की नाही?

पण मला विचाराल तर बघायचं ते दुसरंच. नदीखालून १९११मध्ये काढलेला बोगदा. पलीकडच्या जहाजकारखान्यांतल्या कामगारांना धुक्यात, बर्फात होडीने जावं लागे, म्हणून तो खणला. खणताना पाणी आत शिरू नये म्हणून दाबाची हवा भरून काम केलं. त्या दाबातून बाहेर येताना कित्येक कामगार आजारी पडले, काही दगावलेही. लाकडी फळ्यांच्या प्रशस्त लिफ्टने २४ मीटर खाली उतरायचं. या लिफ्टमधून पूर्वी घोडागाड्या जायच्या, आता सायकली जातात. आत चारशेवर मीटर पांढऱ्या फरशांची नळी, आणि भिंतीवर मधे मधे मातीच्या भाजीव पाट्या. एकीवर मासे, एकीवर खेकडा, आणि एकीवर चक्क जुना बूट नि उंदीर! नदीच्या तळाशी जे जे असतं ते सगळं, असं त्या कारागिराने ठरवलं असावं. चालायला तिकीट नाही. तुम्ही तिथे तासभर तरी हलला नसता.

बंदराच्या सहलीच्या बोटींसाठी रांग होती, ती आम्ही सोडली आणि सरळ ६२ नंबरची फेरी पकडली. शहराच्या बसच्या तिकिटावरच ती चालते. वरच्या डेकवर वारा इतका की निनादची टोपी मीच धरून बसले. कंटेनरचं अवाढव्य जहाज बाजूने गेलं तेव्हा आमची बोट चांगलीच डुलली.

आज पहाटे मासळीबाजार. १७०३पासून भरतो, फक्त रविवारी, आणि साडेनऊला बंद. चर्चच्या वेळेआधी आवरायचा नियम पहिल्यापासूनचा. मासळी आहेच, पण खरी मजा फळवाल्यांची. ट्रकच्या फळीवर उभं राहून घसा फोडून ओरडतात, टोपलीत अननस टाकतात, केळी टाकतात, आणि गिऱ्हाईक हललं नाही की आणखी एक घड. शेवटी आई, आम्ही दोघांनी मिळून एवढी फळं आणलीत की आठवडाभर स्वयंपाकाला सुट्टी. बाजूच्या लिलावाच्या जुन्या हॉलमध्ये सकाळी सातला रॉक बँड वाजत होता, आणि रात्रभर जागलेली पोरं नि सत्तरीच्या आज्या एकत्र नाचत होत्या.

तुमचा व्हिसा झाला की पहिली फेरी तिथेच. बोगद्याला लिफ्ट आहे, तेव्हा आईच्या गुडघ्यांचं निमित्त चालणार नाही. फक्त येताना बाबांसाठी कानटोपी आणा, फेरीवर लागेल. आजीला नमस्कार सांगा.

तुमची,
मुक्ता